शंभराच्या आत मतदार, दोन सभासद: डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा मतदारसंघ

डब्लिनच्या मधोमध कॉलेज ग्रीन नावाचा चौक आहे. पूर्वेला ट्रिनिटी कॉलेजची लांबलचक दर्शनी इमारत आणि रस्ता ओलांडला की उंच दगडी खांबांची एक भव्य वास्तू. आज तिथे बँक ऑफ आयर्लंड आहे. पण १७२९ मध्ये या वास्तूचं काम सुरू झालं ते आयर्लंडच्या पार्लमेंटसाठी. दोन सभागृहांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली जगातली ही पहिली इमारत मानली जाते.

या दोन इमारतींचं नातं नुसतं शेजाराचं नव्हतं. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, अठराव्या शतकात ३०० सभासद बसत आणि त्यांतले दोन ट्रिनिटी कॉलेजने निवडून दिलेले असत. ते शहराचे किंवा परगण्याचे नव्हते, कॉलेजचे होते. १६१३ पासून १८०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन शतकं, ही पद्धत चालली. कॉलेजचे विद्यार्थी झगा घालून समोर गेले की त्यांना प्रेक्षकांच्या सज्जात बसायला मिळे आणि आपले सभासद काय बोलतात ते त्यांना प्रत्यक्ष ऐकता येई. उलट पार्लमेंटही कॉलेजला सढळ हाताने पैसा देई. ट्रिनिटीची दर्शनी बाजू १७५० च्या दशकात त्याच पैशांतून उभी राहिली. दारातून आत शिरल्यावर जो चौक लागतो त्याला अजूनही पार्लमेंट स्क्वेअर म्हणतात.

मराठी वाचकाला हे ऐकून आपला पदवीधर मतदारसंघ आठवेल. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यांतल्या सात पदवीधरांच्या. त्याआधी इंग्रजी अमदानीत मुंबई विद्यापीठाचीही एक जागा मुंबईच्या कायदे कौन्सिलात होती. १९२७ मध्ये कन्हैयालाल मुनशी त्याच जागेवरून निवडून आले आणि बारडोलीच्या सत्याग्रहाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. पण डब्लिनचा प्रकार समजून घ्यायचा तर एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवा. पदवीधर मतदारसंघात मत असतं शिकून बाहेर पडलेल्या माणसाला. जुन्या डब्लिनमध्ये पदवीमुळे मत मिळत नसे. मत होतं कॉलेज नावाच्या संस्थेच्या घटकांना, म्हणजे जे त्या क्षणी आत राहत होते, तिथलं खात होते आणि तिथे शिकत-शिकवत होते त्यांना. पुढची सगळी भांडणं याच फरकातून उगवली.

राजाला बहुमत हवं होतं

ट्रिनिटी कॉलेज १५९२ मध्ये राणी एलिझाबेथच्या सनदेने स्थापन झालं. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक, राज्य इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राजघराण्याचं. प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि राज्याला लागणारी सुशिक्षित माणसं आयर्लंडमध्येच तयार व्हावीत हा कॉलेजमागचा एक मोठा हेतू होता.

एलिझाबेथनंतर पहिला जेम्स गादीवर आला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांना इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये प्रत्येकी दोन जागा त्यानेच दिल्या. कारण व्यवहारी होतं. विद्यापीठांकडे जमिनी होत्या, सनदा होत्या, त्यांच्याविषयीचे कायदे पार्लमेंटमध्ये होत असत, मग तिथे त्यांची बाजू मांडणारं कोणी असावं. १६१३ मध्ये तोच हक्क डब्लिनलाही मिळाला. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात तिथल्या मूळच्या गेलिक सरदारांच्या जमिनी जप्त होऊन नव्या लोकांना वाटल्या गेल्या होत्या आणि त्यांतली मोठी इस्टेट ट्रिनिटीच्या वाट्याला आली होती. तेव्हा कॉलेजची बाजू मांडायला माणूस हवा, हे कारण इथेही लागू पडत होतंच.

पण डब्लिनमध्ये दुसरं कारण जास्त जोरकस होतं. १६१३ च्या पार्लमेंटमध्ये राजाला प्रॉटेस्टंटांचं बहुमत हवं होतं आणि जुन्या मतदारसंघांवर अवलंबून राहिलं तर ते मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून सरकारने डझनावारी नवे बरो तयार केले. बरो म्हणजे सनदेने शहराचा दर्जा मिळालेलं गाव, ज्याला दोन सभासद पाठवण्याचा हक्क असे. यांतली कित्येक गावं नुकती वसत होती, काही तर नावापुरतीच होती. कॅथलिकांनी लंडनला जाऊन तक्रार केली, तेव्हा जेम्सने त्यांना सुनावलं की मी चाळीस सरदार आणि चारशे बरो केले असते तरी तुम्हाला काय त्याचं! कॉलेजच्या दोन जागा या मोहिमेच्याच काळातल्या. त्यांचा जन्म ज्ञानाच्या सन्मानापेक्षा बेरजेच्या गणितातून झाला, असं माझं मत आहे.

ते पार्लमेंट डब्लिन कॅसलमध्ये भरलं. २३२ सभासद, त्यांतले १३२ प्रॉटेस्टंट आणि १०० कॅथलिक. पहिलंच काम सभापती निवडण्याचं. सरकारचा उमेदवार होता सर जॉन डेव्हिस, कॅथलिकांचा सर जॉन एव्हरर्ड. मतं मोजायची म्हणून सरकारपक्ष सभागृहाबाहेर गेला. आत राहिलेल्या कॅथलिकांनी तेवढ्यात एव्हरर्डला खुर्चीवर बसवलं. बाहेरचे परतले आणि पाहतात तर खुर्ची भरलेली! त्यांनी डेव्हिसला उचललं आणि सरळ एव्हरर्डच्या मांडीवर बसवलं. डेव्हिस चांगलाच अंगाने भरलेला गृहस्थ होता. मग ओढाताण झाली, एव्हरर्डला खाली खेचलं गेलं आणि कॅथलिक सभासद उठून निघून गेले.

याच पार्लमेंटमध्ये कॉलेजचे पहिले सभासद होते. त्यांपैकी एक विल्यम टेंपल, खुद्द कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख. केंब्रिजमध्ये शिकलेले, तर्कशास्त्राचे अभ्यासक आणि तरुणपणी कवी सर फिलिप सिडनी यांचे चिटणीस. कॉलेज चालवणारा माणूसच कॉलेजतर्फे पार्लमेंटमध्ये गेला, हे त्या वेळी कोणाला खटकलं नाही. पुढे मात्र प्रोव्होस्ट आणि ही जागा यांचं नातं फार कडू झालं.

मत कोणाला होतं

मतदार तीन प्रकारचे. एक प्रोव्होस्ट. दुसरे फेलो, म्हणजे कॉलेजचे कायम अध्यापक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते २२ होते, सात वरिष्ठ आणि पंधरा कनिष्ठ. तिसरे स्कॉलर, म्हणजे कठीण परीक्षा देऊन निवडले गेलेले विद्यार्थी. हे ७०. सगळे मिळून शंभराच्या आत.

इथे स्कॉलर म्हणजे नुसता हुशार विद्यार्थी नव्हे. तो कॉलेजच्या सनदेनुसार संस्थेचा घटक असे. त्याला जेवण मिळे, राहण्याची सवलत मिळे आणि मतही मिळे. सर्वसाधारण विद्यार्थी फी भरून शिकत, पदवी घेऊन निघून जात, त्यांना मत नव्हतं. म्हणजे विशीच्या आसपासचा, कदाचित गरीब घरातून आलेला एखादा मुलगा परीक्षेच्या जोरावर मतदार होई आणि त्याच वर्गातला बड्या जमीनदाराचा मुलगा, जर स्कॉलर नसेल, तर कॉलेजच्या निवडणुकीत नुसता बघत उभा राही. पुढे वक्ता आणि राजकीय विचारवंत म्हणून गाजलेला एडमंड बर्क १७४६ मध्ये इथे स्कॉलर झाला. वुल्फ टोन, ज्याने पुढे आयर्लंड स्वतंत्र करण्यासाठी फ्रान्सकडून सैन्य आणलं, तो १७८४ मध्ये स्कॉलर झाला.

हे किती वेगळं होतं ते बाकीचं सभागृह पाहिल्यावर कळतं. ३०० जागांचा हिशेब असा: ३२ परगण्यांच्या ६४, परगण्याचा दर्जा असलेल्या आठ शहरांच्या १६, १०९ बरोंच्या २१८ आणि विद्यापीठाच्या दोन. मोठा आकडा बरोंचा. आणि बहुतेक बरो एखाद्या जमीनदाराच्या मुठीत. आपल्याकडे पाटीलकी-देशमुखी वतन म्हणून चालायची तशा या जागा घराण्यात चालत, विकल्या जात, लेकीसुनांच्या व्यवहारातही येत. वेक्सफर्ड परगण्यातलं बॅनो हे गाव समुद्राच्या वाळूखाली जवळजवळ गाडलं गेलं होतं, पण त्याचे दोन सभासद डब्लिनला बसतच होते.

कॉलेजला असा मालक नव्हता. मतदार थोडे असले तरी शिकलेले होते, वाद घालणारे होते आणि गुप्त मतदानाचा तो काळ नसल्याने कोण कोणाच्या बाजूने आहे हे सगळ्यांना माहीत असे. म्हणून इथून निवडून येणं ही प्रतिष्ठा होती. मोठे वकील, मोठे वक्ते या जागेसाठी धडपडत. फिलिप टिस्डल हे आयर्लंडचे ॲटर्नी जनरल १७३९ पासून १७७६ पर्यंत याच जागेवर होते. सदतीस वर्षं म्हटल्यावर दर पाच वर्षांनी निवडून आले असतील असं वाटेल, पण तसं नव्हतं. तेव्हा पार्लमेंट राजा जिवंत असेपर्यंत चाले. दुसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत १७२७ नंतर सार्वत्रिक निवडणूक झाली ती थेट १७६१ मध्ये. दर आठ वर्षांनी निवडणूक घ्यायचा कायदा १७६८ मध्ये आला, आणि तेव्हापासून मतदाराच्या मताला खरा भाव आला.

या सगळ्यावर धर्माची कडी होती, ती विसरून चालणार नाही. फेलो आणि स्कॉलर हे राजमान्य अँग्लिकन पंथाचेच असावे लागत. १६९२ पासून कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं आणि १७२८ मध्ये त्यांचा मताचा हक्कही काढून घेतला गेला. देशातल्या बहुसंख्य लोकांना वगळून हा सारा खेळ चालला होता. पुढची माणसं कितीही मोठी वाटली तरी वाचकाने ही गोष्ट मनात ठेवावी.

एकदाच हे चित्र उलटं झालं. इंग्लंडमधून पळालेला कॅथलिक राजा दुसरा जेम्स १६८९ मध्ये डब्लिनला आला आणि त्याने पार्लमेंट भरवलं. जवळजवळ सगळं सभागृह कॅथलिक. तरीही विद्यापीठाने पाठवलेले सर जॉन मीड आणि जोसेफ कॉगलन हे दोघे प्रॉटेस्टंट होते. त्याच वर्षी कॉलेजात सैन्य उतरलं, इमारतींची बराक आणि तुरुंग झाला. मायकल मूर या कॅथलिक धर्मगुरूकडे प्रोव्होस्टपद आलं आणि त्याने आणि ग्रंथपाल मॅकार्थी यांनी सैनिकांच्या हातून ग्रंथालय वाचवलं. ज्या कॉलेजने त्यांच्या धर्माच्या माणसांना दार बंद केलं होतं, त्याची पुस्तकं त्यांनी राखली. ट्रिनिटीच्या इतिहासातली ही मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

चौकोन आणि गोल

कॉलेजच्या सभासदांत एक नाव असं आहे की त्याच्यासाठी थोडं थांबायलाच हवं. विल्यम मॉलिन्यू. १६९२ च्या आणि पुन्हा १६९५ च्या पार्लमेंटमध्ये ते विद्यापीठाचे सभासद होते. प्रकाशशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. त्यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक प्रश्न लिहून पाठवला. जन्मांध माणूस आहे. हाताने चाचपून त्याला ठोकळा आणि चेंडू यांतला फरक कळतो. उद्या त्याला अचानक दिसायला लागलं आणि दोन्ही वस्तू समोर टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं बघून, कुठला ठोकळा आणि कुठला चेंडू हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यू आणि लॉक दोघांचंही उत्तर 'नाही' असं होतं. आजही मेंदूचा आणि दृष्टीचा अभ्यास करणारे या प्रश्नाला त्यांच्याच नावाने ओळखतात.

हाच माणूस १६९८ मध्ये राजकारणातल्या एका सरळ प्रश्नाला भिडला. इंग्लंडचं पार्लमेंट आयर्लंडच्या लोकरी मालाच्या निर्यातीवर बंधनं घालायच्या तयारीत होतं. मॉलिन्यूंनी पुस्तक लिहून विचारलं की ज्या पार्लमेंटमध्ये आयर्लंडचा माणूस बसत नाही, त्याने केलेला कायदा आयर्लंडवर कसा बंधनकारक? ज्याच्यावर कायदा चालवायचा त्याची संमती हवी. इंग्लंडच्या कॉमन्सने पुस्तक धोकादायक ठरवलं. त्याच वर्षी मॉलिन्यू वारले आणि पुढच्या वर्षी लोकरीचा कायदा झालाच. त्यांच्या युक्तिवादात आयर्लंडचे कॅथलिक जवळपास कुठेच नव्हते, ही त्याची मर्यादा. पण संमतीचा मुद्दा एकदा मांडला की तो मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढच्या शंभर वर्षांत तो आयर्लंडमध्ये पुन्हापुन्हा उचलला गेला.

प्रोव्होस्टच्या घरचं तिकीट

आता त्या कडू प्रकरणाकडे. कॉलेजला जमीनदार मालक नव्हता, हे खरं. पण कॉलेजात एक माणूस असा होता की ज्याच्या हाती प्रत्येक मतदाराचं काही ना काही अडकलेलं असे. तो म्हणजे प्रोव्होस्ट.

स्कॉलर आणि फेलो निवडताना प्रोव्होस्टच्या शब्दाला फार वजन. खोल्या, रजा, सवलती, कॉलेजातली मानधनाची कामं, सगळ्यांत त्याचा हात. शिवाय एक विचित्र नियम होता: फेलोने अविवाहित राहायचं. कित्येकांनी गुपचूप लग्नं केली होती. घरी बायको आहे, मुलं आहेत, पण कागदावर काही नाही. हा नियम १८४० पर्यंत टिकला. प्रोव्होस्टने डोळेझाक केली तर संसार चालला, त्याने नियमावर बोट ठेवलं तर नोकरी गेली. अशा माणसाकडे प्रोव्होस्टने मत मागितलं तर तो काय करणार? मराठीत त्याला एकच शब्द आहे, मिंधा. आणि निवडणूक घेणारा, निकाल जाहीर करणारा अधिकारीही प्रोव्होस्टच!

१७७४ मध्ये जॉन हेली-हचिन्सन प्रोव्होस्ट झाले. ते धर्मगुरू नव्हते, वकील आणि मुरलेले राजकारणी होते, कॉर्क शहराचे सभासद होते. पदांची आणि मानधनांची त्यांची भूक प्रसिद्ध होती. इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ म्हणाल्याचं सांगतात की या माणसाला ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड जहागीर म्हणून दिले तरी हा बटाटे लावायला आइल ऑफ मॅन मागेल. पण त्यांची दुसरी बाजूही आहे. कॉलेजात आधुनिक भाषांची अध्यापनं त्यांच्याच काळात सुरू झाली आणि कॅथलिकांवरची बंधनं उठावीत या मताचे ते होते. ते निव्वळ खलनायक होते असं मला म्हणता येत नाही. मात्र कॉलेजच्या दोन जागांपैकी किमान एक आपल्या घरात असावी, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

१७७६ ची निवडणूक आली. टिस्डल यांची सदतीस वर्षांची जागा गेली. प्रोव्होस्टचे चिरंजीव रिचर्ड निवडून आले. दुसरे निवडून आलेले होते वॉल्टर हसी बर्ग, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. विरोधकांनी निवडणुकीला आव्हान दिलं. आरोप असा की प्रोव्होस्टनी पदाचा वापर करून मतं ओढली, कोणाला आमिष दाखवलं, कोणाला धाक घातला. तेव्हा निवडणुकीचे वाद कोर्टात नव्हे, पार्लमेंटच्याच समितीपुढे चालत. विरोधकांतर्फे जॉन फिट्झगिबन नावाचा तरुण वकील उभा राहिला. विद्यार्थी आणि अध्यापक साक्षीला आले आणि कॉलेजच्या भिंतीआड जे कुजबुजत बोललं जायचं ते रस्त्यापलीकडे उघड बोललं गेलं. १७७८ मध्ये समितीने रिचर्ड यांची निवड रद्द केली. रिकाम्या झालेल्या जागेवर निवडून आला तो फिट्झगिबन.

हेली-हचिन्सन यांनी नाद सोडला नाही. १७९० मध्ये त्यांचा दुसरा मुलगा फ्रान्सिस उभा राहिला आणि जिंकला. पुन्हा आव्हान, पुन्हा समिती. या वेळी मात्र मुलाची जागा टिकली.

मला या प्रकरणात एक गोष्ट फार बोलकी वाटते. जमीनदाराच्या बरोमध्ये असा खटला सहसा उभा राहत नसे, कारण तक्रार करायला मतदारच नसत. इथे तक्रार झाली, कारण मिंधे असूनही काही मतदार उठून बोलले. विशीतल्या मुलांनी आपल्या प्रमुखाविरुद्ध तोंड उघडलं, तेही उद्या त्याच कॉलेजात राहायचं असताना.

बर्ग, फिट्झगिबन आणि १७९८

वॉल्टर हसी बर्ग सरकारातही होते, प्राइम सार्जंट हे मोठं कायदापद त्यांच्याकडे होतं. १७७९ साली आयर्लंडच्या व्यापारावरची इंग्लंडची बंधनं उठावीत म्हणून देश पेटला होता, हजारो स्वयंसेवक हत्यारं घेऊन कवायती करत होते. नोव्हेंबरमध्ये बर्ग सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, आयर्लंडमध्ये शांतता आहे असं सांगू नका, हे दबलेलं युद्ध आहे. इंग्लंडने आपले कायदे ड्रॅगनच्या दातांसारखे पेरले आणि त्यांतून हत्यारबंद माणसं उगवली. ग्रीक कथेत ड्रॅगनचे दात पेरल्यावर जमिनीतून योद्धे उगवतात, त्याचा हा दाखला. भाषणानंतर त्यांनी पद सोडलं. थोड्याच दिवसांत व्यापाराची बंधनं सैल झाली आणि १७८२ मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटला स्वतःचे कायदे करण्याचा हक्क मिळाला.

फिट्झगिबन उलट्या दिशेने गेले. वडील कॅथलिक धर्म सोडून आलेले, मुलगा कॅथलिकांना सवलती देण्याचा कट्टर विरोधक. १७८९ मध्ये ते लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे आयर्लंडचे सर्वोच्च न्यायाधिकारी, झाले, पुढे अर्ल ऑफ क्लेअर. १७९३ मध्ये कॅथलिकांना मताचा हक्क परत मिळाला, ट्रिनिटीची पदवीही घेता येऊ लागली. पण कॉलेजच्या निवडणुकीत काही बदललं नाही, कारण तिथे पदवीला मत नव्हतं. मत होतं फेलो आणि स्कॉलरना, आणि ती दारं कॅथलिकांना बंदच राहिली. वर्गात बसता येतं, परीक्षेत पहिलं येता येतं, पण संस्थेचा घटक होता येत नाही! १८४० च्या दशकात डेनिस हेरन नावाच्या कॅथलिक विद्यार्थ्याने स्कॉलरच्या परीक्षेत गुण मिळवूनही त्याला स्कॉलर करून घेतलं नाही. हे निर्बंध पूर्णपणे गेले १८७३ मध्ये.

एप्रिल १७९८ मध्ये, इंग्रजी सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये झालेल्या बंडाच्या महिनाभर आधी, तेच फिट्झगिबन विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सलर म्हणून ट्रिनिटीत आले. सभागृहात विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावलं, शपथ घ्यायला लावली आणि बंडखोर संघटनेत कोण कोण आहे ते विचारलं. पुढे बंडखोर नेता म्हणून प्रसिद्ध झालेला रॉबर्ट एमेट हा विद्यार्थी हजरच राहिला नाही. १९ जणांना कॉलेजमधून काढून टाकण्यात आलं, त्यात एमेटही होता. वीस वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या मतदारांना धाकातून सोडवणारा वकील म्हणून या माणसाचं नाव झालं होतं.

चिठ्ठी

बंड मोडल्यावर लंडनने ठरवलं की डब्लिनचं पार्लमेंटच बंद करून ते लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन करायचं. १७९९ मध्ये प्रस्ताव हरला. मग वर्षभर पदव्या, पदं, पैसा यांची खैरात झाली. रद्द होणाऱ्या प्रत्येक बरोच्या मालकाला १५,००० पौंड भरपाई ठरली. वाळूखालच्या गावाचेही पैसे मिळाले. १८०० मध्ये प्रस्ताव मंजूर झाला.

विद्यापीठाचे तेव्हाचे सभासद होते आर्थर ब्राउन आणि जॉर्ज नॉक्स. ब्राउन अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला जन्मलेले, कॉलेजचे फेलो आणि कायद्याचे प्राध्यापक, १७८३ पासूनचे सभासद आणि मतदारांचे लाडके. १७९९ मध्ये त्यांनी विलीनीकरणाला विरोध केला आणि १८०० मध्ये बाजूने मत दिलं. नंतर त्यांना प्राइम सार्जंटचं पद मिळालं, पण लोकांच्या मनातून ते उतरले. नॉक्स विरोधात राहिले.

आता आयर्लंडचे फक्त १०० सभासद लंडनला जाणार होते. परगण्यांचे ६४, डब्लिन आणि कॉर्क शहरांचे दोन-दोन, इतर ३१ गावांचा एकेक आणि विद्यापीठाचा एक. दोनांतला एक कोण, हे ठरवायला नवी निवडणूक घेतली नाही. जिथे जागा दोनवरून एकावर आली तिथे दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. विद्यापीठाच्या चिठ्ठीवर नॉक्स यांचं नाव निघालं. ज्या पार्लमेंटमध्ये जायला त्यांनी विरोध केला होता तिथे ते चिठ्ठीने गेले.

त्यानंतरची कथा झरझर सांगतो. १८३२ मध्ये विद्यापीठाला दुसरी जागा परत मिळाली आणि मताचा हक्क एम. ए. झालेल्यांपर्यंत पसरला. कॉलेजच्या आत राहणाऱ्यांचा मतदारसंघ तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने पदवीधरांचा झाला. आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं होऊ नये म्हणून झटणारे पुढारी एडवर्ड कार्सन १८९२ पासून १९१८ पर्यंत इथूनच निवडून येत. १९२१ मध्ये इंग्लंडने 'दक्षिण आयर्लंड'साठी १२८ जागांचं सभागृह ठरवलं. १२४ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने जिंकल्या आणि त्यांनी तिकडे पाठ फिरवली. २८ जूनला हजर होते फक्त चार सभासद, चौघेही ट्रिनिटीचे. त्यांनी आपल्यातल्या एकाला सभापती केलं आणि थोड्या वेळात सभा संपवली. स्वतंत्र आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहातून विद्यापीठांच्या जागा १९३६ च्या कायद्याने गेल्या, वरिष्ठ सभागृहात १९३७ च्या राज्यघटनेने आल्या. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा हक्क ठरावीक विद्यापीठांपुरता ठेवणं घटनेला धरून नाही असा निर्णय दिला आणि २०२४ च्या कायद्याने सर्व उच्च शिक्षण संस्थांच्या पदवीधरांसाठी सहा जागांचा एकच मतदारसंघ ठरला.

जुनी पार्लमेंटची इमारत १८०३ मध्ये बँकेला ४०,००० पौंडांना विकली गेली. पुन्हा कधी तिथे सभा भरू नये म्हणून आतली रचना बदलायची अट घातली होती. कॉमन्सचं सभागृह पाडलं गेलं. पण त्या सभागृहात एके काळी टांगलेलं सोनेरी मुलाम्याचं लाकडी झुंबर शिल्लक आहे. ते रस्त्याच्या अलीकडे, ट्रिनिटीच्या परीक्षा हॉलमध्ये लटकतं आहे आणि त्याच्याखाली मुलं पेपर लिहितात.